पाटी नसलेला महामार्ग आणि शिक्का बसलेली वस्ती

सॉल्ट लेक सिटी सोडून आंतरराज्य महामार्ग ८० वरून पश्चिमेला निघालं, की उजवीकडे ग्रेट सॉल्ट लेक सोबतीला असतो आणि डावीकडे स्टॅन्सबरी डोंगराची धार. हा डोंगर संपतो तिथे दक्षिणेला एक लांबट, कोरडी दरी उघडते. तिचं नाव स्कल व्हॅली. दरीच्या तोंडावरून थोडं पुढे गेलं की डेल नावाचा फाटा येतो. युटा राज्याच्या कायद्यावर विश्वास ठेवायचा तर या फाट्याजवळून एक राज्य महामार्ग सुरू होतो, क्रमांक ९००. त्याचा जोडीदार ९०१ दरीतल्या मुख्य रस्त्यावरून पश्चिमेकडे फुटतो. कायद्याच्या पुस्तकात दोघांचंही वर्णन आहे, कुठून कुठे, कोणत्या दिशेला वळत. जागेवर मात्र क्रमांकाची पाटी नाही आणि डांबरही नाही. आहेत त्या मातीच्या चाकोऱ्या, त्यातल्या बऱ्याच केंद्र सरकारच्या जमीन व्यवस्थापन खात्याच्या जमिनीवरून जाणाऱ्या.

पाटी नसलेले महामार्ग अमेरिकेत काही कमी नाहीत. मेरीलँडमध्ये आंतरराज्य ५९५ हा क्रमांक फक्त सरकारी दफ्तरात आहे. प्रवाशांना तिथे यूएस ५० ची पाटी दिसते, कारण वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या क्रमांकावर दुसरा लादला तर गोंधळच वाढेल. अलास्कात चार आंतरराज्य मार्ग आहेत, त्या चौघांनाही पाटी नाही. निधी कोणत्या खात्यातून यायचा, दुरुस्ती कुणी करायची, याचा हिशेब ठेवायला क्रमांक लागतो, आणि तो वाहनचालकाला ठाऊक असायलाच हवा असं काही नाही. इथवर तक्रारीला जागा नाही.

९०० आणि ९०१ ची जात वेगळी आहे. कुणीतरी कुठेतरी पोहोचू नये, एवढ्यासाठी ते महामार्ग झाले. ज्यांची वाट अडवायची होती ती शंभर-सव्वाशे माणसांची एक आदिवासी जमात होती, आणि तिच्या भूमीला 'उकिरडा' हे नाव बाहेरच्यांनीच आधी मिळवून दिलं होतं. माझं म्हणणं असं आहे, की वस्तीची बदनामी राज्याने पोसायची, तिचा फायदा स्वतः घ्यायचा, आणि तीच बदनामी विकून वस्ती चार पैसे मिळवू पाहू लागली की रस्त्याचा कायदा हत्यार म्हणून उपसायचा, हा सार्वजनिक अधिकाराचा गैरवापर आहे. अडवलेली वस्तू खरोखरच घातक होती, म्हणून हा दोष नाहीसा होत नाही.

ही दरी गोशूट लोकांची. स्कल व्हॅली बँड ऑफ गोशूट ही जमात इतकी लहान, की तिचे सगळे सदस्य एका मध्यम सभागृहात मावतील. त्यातलेही मोजकेच लोक सुमारे १८,००० एकरांच्या रिझर्व्हेशनवर, म्हणजे जमातीसाठी राखीव भूमीवर राहतात, बाकीचे पोटापाण्यासाठी आसपासच्या गावाशहरांत पांगलेले. १९८७ साली अमेरिकी संसदेने अणुकचऱ्याला जागा शोधून देण्यासाठी एक खास वाटाघाटी अधिकारी नेमण्याची तरतूद केली. त्या कार्यालयाने राज्यांना, काउंट्यांना (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांना) आणि आदिवासी जमातींना विचारलं की तात्पुरती साठवण तुमच्याकडे करायची का, आणि नुसत्या अभ्यासासाठी एक लाख डॉलर देऊ केले. हात पुढे करणाऱ्यांत जमातींचाच भरणा होता, आणि त्यात आश्चर्य कसलं? ज्यांच्याकडे दुसरं काही मागणारा येत नाही, त्यांच्याकडेच असले प्रस्ताव जातात. पुढे संसदेने पैसा बंद केला आणि योजना बारगळली. पण स्कल व्हॅलीच्या गोशूटांचा अभ्यास तोवर झाला होता. आठ वीज कंपन्यांनी मिळून प्रायव्हेट फ्युएल स्टोरेज नावाची कंपनी काढली आणि १९९७ मध्ये जमातीशी भाडेकरार केला. ८२० एकर जागा, तिच्यावर ४,००० पिंपं, आणि पिंपांत ४०,००० टन वापरलेलं अणुइंधन.

हे इंधन दरीत आणायच्या दोन वाटा होत्या. एक म्हणजे मुख्य लोहमार्गावरच्या लो या ठिकाणाहून दरीच्या पश्चिम कडेने, सीडर डोंगराच्या पायथ्याशी, सुमारे ३२ मैलांचा नवा रूळ टाकायचा. नाहीतर आंतरराज्य ८० जवळ पिंपं रेल्वेतून उतरवून अजस्र ट्रेलरवर चढवायची आणि स्कल व्हॅली रोडने दक्षिणेला न्यायची. रिझर्व्हेशनच्या आत राज्याचा हुकूम फारसा चालत नाही, तो मामला जमात आणि केंद्र सरकार यांच्यातला. म्हणून राज्याने हद्दीबाहेरची जमीन धरली. स्कल व्हॅली रोड तोवर काउंटीचा होता, तो राज्य महामार्ग १९६ झाला. रुळाच्या वाटेतल्या मातीच्या चाकोऱ्या ९०० आणि ९०१ झाल्या. राज्याच्या महामार्गावरून किंवा तो ओलांडून काही न्यायचं तर राज्याची परवानगी लागते, आणि अशा कामासाठी ती राज्यपाल व विधिमंडळाच्या संमतीशिवाय मिळू नये, अशी तजवीज १९९० च्या दशकाच्या अखेरीस कायद्यात करण्यात आली. तेव्हाचे राज्यपाल माइक लेव्हिट यांनी आपण जिवंत असेपर्यंत हा कचरा युटात येणार नाही असं जाहीरच केलं होतं. रस्त्यांच्या या डावाला त्या काळी खंदक म्हटलं गेलं. शब्द चपखल आहे. फक्त खंदक एरवी आतले लोक स्वतःच्या रक्षणासाठी खणतात, इथे तो बाहेरच्यांनी खणला होता.

राज्याची बाजू पोकळ होती असं मी म्हणणार नाही. युटात एकही अणुवीज केंद्र नाही. ज्या विजेवर दुसऱ्या राज्यांतले दिवे लागले, तिची राख आम्ही का सांभाळायची, हा प्रश्न रास्त आहे. साठवण 'तात्पुरती' म्हणावी, तर कायमची जागा कुठे होती? नेवाडातलं यक्का माउंटन १९८७ साली मुक्रर झालं आणि ते आजही उघडलेलं नाही. म्हणजे वीस-चाळीस वर्षांसाठी आणलेली पिंपं नातवंडांनाही तिथेच दिसली असती. शिवाय त्या काळी दरीच्या डोक्यावरून हिल हवाई तळाची एफ-१६ विमानं सरावाच्या मैदानाकडे वर्षाला हजारोंनी जात. त्यातलं एखादं पिंपांवर कोसळलं तर काय, यावर अणुनियामक आयोगाच्या परवाना मंडळापुढे वर्षानुवर्षं खल झाला. २००३ मध्ये मंडळाने हा धोका मान्य केला आणि २००५ मध्ये उलट निष्कर्ष काढला.

यापेक्षाही खोल कारण आहे ते स्मृतीचं. १९५१ पासून शेजारच्या नेवाडात उघड्यावर अणुचाचण्या झाल्या. वारा पूर्वेकडे वाहताना स्फोट व्हायचे आणि किरणोत्सारी धूळ दक्षिण युटाच्या गावांवर, कुरणांवर, दुधावर उतरायची. काळजीचं कारण नाही, असं सरकार सांगत राहिलं. भरपाईचा कायदा व्हायला १९९० उजाडलं. ज्या लोकांनी हे सोसलं त्यांनी वॉशिंग्टनमधल्या कुणाच्याही सुरक्षेच्या ग्वाहीवर विश्वास ठेवू नये, हे मला पटतं. त्या वेळी मी युटाचा मतदार असतो तर या साठवणीच्या विरोधातच मत दिलं असतं.

पण मग राज्याची ही दक्षता त्याआधी पन्नास वर्षं कुठे होती?

१९४२ मध्ये दरीच्या दक्षिण टोकाला डगवे हे लष्करी चाचणी केंद्र उभं राहिलं. तिथे रासायनिक आणि जैविक अस्त्रांच्या चाचण्या झाल्या, त्याही पुष्कळशा उघड्यावर. मार्च १९६८ मध्ये एका विमानातून व्हीएक्स हा मज्जासंस्था बंद पाडणारा विषारी द्रव फवारण्यात आला आणि पुढच्या काही दिवसांत स्कल व्हॅलीत सुमारे ६,००० मेंढ्या मेल्या. लष्कराने मेंढ्यांच्या मालकाला पैसे दिले, पण दोष स्पष्ट शब्दांत पदरात घेतला नाही. मेलेल्या मेंढ्यांतल्या कित्येक गोशूटांच्या जमिनीत पुरल्या गेल्या. स्टॅन्सबरी डोंगराच्या पलीकडे, रश व्हॅलीत, डेझरेटचा लष्करी डेपो. देशाच्या एकूण रासायनिक अस्त्रसाठ्यातला सुमारे ४४ टक्के हिस्सा एकट्या या डेपोत होता आणि १९९६ पासून २०१२ पर्यंत तो तिथेच भट्टीत जाळण्यात आला. उत्तरेला सरोवराच्या काठावर मॅग्नेशियमचा कारखाना. तिथून क्लोरीन इतका बाहेर पडायचा, की १९९० च्या दशकात देशातल्या सर्वाधिक हवा बिघडवणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव अग्रभागी असे. पश्चिमेला अ‍ॅरागोनाइटची घातक कचरा जाळण्याची भट्टी.

आणि क्लाइव्ह. या एका नावापाशी मला जरा थांबायचं आहे. सॉल्ट लेक शहराला लागून व्हिट्रो नावाची युरेनियमची गिरणी होती. ती बंद पडल्यावर तिचा किरणोत्सारी गाळ शहराच्या अंगाशी उघडा पडून राहिला. वस्तीजवळ हे बरं नव्हे, हे १९८० च्या दशकात सर्वांना पटलं आणि राज्याच्याच देखरेखीखाली तो लाखो टन गाळ उचलून सीडर डोंगरापलीकडच्या क्लाइव्हच्या माळावर नेऊन टाकण्यात आला. त्याला लागूनच १९८८ मध्ये एका खासगी कंपनीला किरणोत्सारी कचरा पुरण्याचा परवाना मिळाला, आणि पाहता पाहता देशभरातला कमी तीव्रतेचा कचरा रेल्वेने तिथे येऊ लागला. ही दरी जिच्या हद्दीत येते त्या टूविला काउंटीने तर पश्चिमेच्या वाळवंटाचा एक भाग घातक उद्योगांसाठी राखीव असा चक्क आखूनच ठेवला. त्यातून नोकऱ्या आल्या, शुल्क आलं, काउंटीचं अंदाजपत्रक फुगलं. क्लाइव्हकडे निघालेल्या वाघिणी अडवायला एखादी गुरांची वाट महामार्ग म्हणून जाहीर करण्याचं कुणाच्या मनात आलं नाही.

यावर उत्तर ठरलेलं असतं, की कमी तीव्रतेचा कचरा आणि वापरलेलं अणुइंधन यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आहेच. एका पिंपातल्या इंधनात जितकी किरणोत्सारिता असते, तिच्यापुढे क्लाइव्हच्या मातीचे ढीग काहीच नाहीत. पण डेझरेटच्या विषाचा एक थेंब माणूस मारायला पुरेसा होता, आणि तो साठा काही कमी तीव्रतेचा नव्हता. त्यामुळे धोक्याच्या मोजमापावरून राज्याचं वागणं समजत नाही. पैसा आणि निर्णय कुणाच्या हातात होता हे पाहिलं की समजतं. डगवे लष्कराचं, क्लाइव्हचा फायदा कंपनीचा व काउंटीचा, गाळ हलवल्याचा आनंद शहराचा. पिंपांचं भाडं मात्र गोशूटांना मिळणार होतं आणि त्यात राज्याला वाटा नव्हता.

एखादी जागा ओसाड असते म्हणून तिथे कचरा जातो, असं आपण धरून चालतो. स्कल व्हॅलीत आधी माणसांची ओसाडी जाहीर झाली, मग जमिनीची. मार्क ट्वेन १८६१ मध्ये टपालगाडीतून या मुलखातून गेला आणि १८७२ च्या प्रवासवर्णनात त्याने गोशूटांना आपण पाहिलेल्या माणसांत सर्वांत हीन ठरवून टाकलं. घोड्यांच्या चौक्यांनी त्यांचे झरे बळकावले होते, शिकार पळाली होती, आणि उपाशी माणूस गाडीच्या खिडकीतून जसा दिसायचा तसा त्याला दिसला. विनोदी लेखकाचे ते शेरे पुढे पिढ्यान् पिढ्या वाचले गेले. गोशूटांचं म्हणणं वाचायला कुणाकडे काही नव्हतं.

त्यांनी सरकारशी केलेला १८६३ चा टूविलाचा करार मात्र वाचण्यासारखा आहे, कारण तो जवळजवळ सगळा रस्त्यांविषयी आहे. गोऱ्या लोकांच्या वापरातल्या वाटा कायम मोकळ्या आणि निर्वेध राहतील, टपालगाड्यांच्या चौक्या आणि तारेचे खांब सुरक्षित राहतील, पुढे लोहमार्ग टाकायचा झाला तर आडकाठी होणार नाही, हे गोशूटांनी मान्य केलं. बदल्यात, नाहीशा झालेल्या शिकारीची भरपाई म्हणून वर्षाला १,००० डॉलर, तेही वीस वर्षं. जमीन विकल्याचा त्यात उल्लेख नाही. दुसऱ्यांचे रस्ते आपल्या जमिनीवरून जाऊ द्यायचं वचन ज्यांनी दिलं, त्यांच्या जमिनीकडे येणारा रूळ अडवण्यासाठी सुमारे एकशे पस्तीस वर्षांनी दुसऱ्यांनी रस्ते जाहीर केले. इतका उघड विरोधाभास एखाद्या कथालेखकाने रचला असता तर संपादकाने ताणलेला म्हणून कापला असता.

'तिथे कोणी राहतच नाही' हेही तितकंसं खरं नाही. १८८९ मध्ये हवाई बेटांवरून आलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी याच दरीत योसेपा नावाचं गाव वसवलं. पाणी खेळवलं, झाडं लावली, रस्ते आखले. १९१७ च्या सुमारास ती माणसं मायदेशी परतली आणि गाव उठलं, पण दफनभूमी आहे. दरवर्षी मेअखेरीस त्यांचे वंशज तिथे जमतात, जेवणावळ होते, गाणी होतात. पशुपालक अजून आहेत. गोशूट तर आहेतच. नकाशावर जागा पांढरी सोडली की तिथला माणूस मोजला जात नाही, आणि मग गावकुसाबाहेर जे टाकायचं ते टाकायला मन धजावतं.

जमातीचे तेव्हाचे अध्यक्ष लिऑन बेअर यांचा युक्तिवाद याच अनुभवातून आला होता. आजूबाजूला विषवायू, जंतू, किरणोत्सारी माती आणून ठेवताना आम्हाला कुणी विचारलं नाही, अशा जागी पिकवलेली भाजी विकत कोण घेणार, मग या जागेला जे गिऱ्हाईक उरलं आहे त्याच्याशी सौदा करू नका असं आम्हाला कोणत्या तोंडाने सांगता? मला हा युक्तिवाद अस्वस्थ करतो, कारण त्यातला प्रत्येक टप्पा बरोबर आहे आणि शेवट भयंकर आहे. जमातीतही सगळ्यांना तो मान्य नव्हता. मार्जीन बुलक्रीक यांनी आयुष्याची कित्येक वर्षं या साठवणीविरुद्ध झगडण्यात घालवली. पूर्वजांची भूमी भाड्याने देण्याची वस्तू नव्हे, हे त्यांचं सूत्र. निवडणुकांवरून, पैशांच्या हिशेबावरून जमातीत उभी फूट पडली आणि आरोप कोर्टापर्यंत गेले. पण राज्याला बुलक्रीक यांचं म्हणणं जितकं सोयीचं होतं, तितकं ते त्यांच्या सार्वभौमत्वाच्या आग्रहासकट ऐकलं गेलं का? या जमातीसमोर पिंपांखेरीज दुसरा धंदा कोणता ठेवता येईल, यासाठी खंदक खणण्याइतका उत्साह दिसला नाही, एवढं नक्की.

हा खंदक कोर्टात टिकला नाही, हेही सांगायला हवं. अणुसुरक्षा हा विषय केंद्राचा असल्याने युटाचे हे कायदे, रस्त्यांविषयीच्या तरतुदींसकट, आधी जिल्हा न्यायालयाने आणि मग २००४ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने रद्दबातल ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने पुढे ते प्रकरण ऐकायलाच घेतलं नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये आयोगाने कंपनीला परवाना दिला. तरीही एकही पिंप आलं नाही, कारण त्याच्या महिनाभर आधी दुसरा दोर कापला गेला होता. युटाचे राजकारणी एरवी 'वाइल्डरनेस' म्हणजे संरक्षित रानाची घोषणा म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखे दचकतात. त्यांनीच संरक्षण खर्चाच्या विधेयकात घुसवून सीडर डोंगराचं सुमारे एक लाख एकर रान संरक्षित करून घेतलं, आणि रुळाची वाट बुजली. रानप्रेमी खूश, हवाई दल खूश. सप्टेंबर २००६ मध्ये केंद्राच्या गृहखात्याने, म्हणजे अमेरिकेत जमिनी आणि आदिवासी यांचा कारभार पाहणाऱ्या खात्याने, भाडेकरारालाही नकार दिला आणि वाहतुकीच्या परवानगीलाही. २०१० मध्ये न्यायाधीश डेव्हिड एबेल यांनी हे दोन्ही नकार मनमानी ठरवून फेरविचाराला परत पाठवले. पण तोवर कंपन्यांचा जीव त्यातून उडाला होता. २०१२ च्या अखेरीस कंपनीने परवाना सोडण्याचा अर्ज केला.

म्हणजे ज्या कामासाठी ९०० आणि ९०१ जन्मले ते काम त्यांनी केलंच नाही, दुसऱ्या कशाने तरी ते झालं. मला तर डोंगर संरक्षित करण्याचा मार्गही तिरका वाटतो, पण निदान त्याला हद्द आहे, नकाशा आहे, पाटी आहे, आणि जो तिथे चालत जातो त्याला आपण कशात शिरलो हे कळतं. त्याचा उपयोगही डावापुरता नाही, रान राहतंच. या दोन महामार्गांचा डावाखेरीज उपयोग काय?

रस्त्याचा क्रमांक ही क्षुल्लक बाब आहे, असं म्हणणाऱ्यांना याच राज्यातलं दुसरं प्रकरण आठवून पाहायला हरकत नाही. युटा, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोमधून यूएस ६६६ जात असे. सैतानाचा आकडा म्हणून त्याची इतकी बदनामी झाली, पाट्या इतक्या चोरीला जाऊ लागल्या, आणि वाटेवरच्या वस्त्यांना, त्यात नवाहो जमातीच्या गावांना, त्याचा इतका उबग आला, की २००३ मध्ये तो क्रमांक बदलून ४९१ करण्यात आला. आकड्यामुळे प्रदेशाची अब्रू जाते हे तेव्हा तिन्ही राज्यांना मान्य होतं. लोक पाटी पाहत होते, म्हणून चर्चा झाली. पाटीच नसेल तर कुणी चोरणार नाही, कुणी तक्रार करणार नाही आणि कुणी बदल मागणार नाही. खंदक बिनबोभाट राहण्याची ही उत्तम सोय आहे.

युटाला कागदावरच्या रस्त्यांची सवयही जुनी आहे. १८६६ च्या खाणकायद्यात, सार्वजनिक जमिनीवर महामार्ग बांधण्याचा हक्क देणारं एक छोटंसं कलम होतं. ते १९७६ मध्ये रद्द झालं, पण आधी मिळालेले हक्क शाबूत राहिले. त्या आधारावर युटाने केंद्राच्या जमिनीवरच्या १२,००० हून अधिक वाटांवर दावे लावले आहेत. त्यातल्या काही खरोखर गावोगावच्या वापरातल्या आहेत, काहींवर ओढ्याच्या पात्राखेरीज काही सापडत नाही. वाट म्हणजे ताबा, हे युटाचं विधिमंडळ चांगलं जाणून आहे. त्यामुळे ९०० आणि ९०१ ही एका घाबरलेल्या वर्षाची चूक म्हणून सोडून देणं मला जमत नाही. रस्ता वापरासाठी असतो हे सोडून हक्क बजावण्यासाठी असतो, असं मानणारी ती कार्यपद्धती आहे, आणि इथे ती केंद्राऐवजी एका दुबळ्या शेजाऱ्याविरुद्ध वळली.

पिंपं आली नाहीत, म्हणून गोशूटांची दरी स्वच्छ राहिली असंही झालं नाही. रिझर्व्हेशनवर टेकॉय नावाची जागा आहे. तिथे पूर्वी रॉकेटच्या इंजिनांची चाचणी करणाऱ्या कंपनीकडून जमातीला भाडं येत असे. त्याच परिसरात पुढे कचऱ्याची भरावभूमी सुरू झाली. सॉल्ट लेकच्या बाजूचा शहरी कचरा दाबून, त्याचे गठ्ठे बांधून ट्रकने तिकडे जाऊ लागला, त्याच महामार्ग १९६ वरून. घरगुती केर अणुइंधनाइतका घातक नाही, मान्य. पण शहराचा केर दरीत न्यायला जो रस्ता चालतो, तोच रस्ता दरीच्या मालकांनी स्वतः ठरवलेला सौदा आणायला चालत नाही, हे त्या लोकांनी कसं समजून घ्यायचं?

यातून काय करता येईल, हे सांगायला फार बुद्धी लागत नाही. राज्य महामार्ग जाहीर करण्याच्या कायद्यात एक अट हवी, की त्या रस्त्यावर लोकांची ये-जा हे कारण नोंदलेलं असलं पाहिजे, आणि ठराविक मुदतीत पाटी लागली नाही, देखभालीची तरतूद झाली नाही, तर घोषणा आपोआप रद्द झाली पाहिजे. रिझर्व्हेशनकडे जाणाऱ्या रस्त्याचा दर्जा बदलायचा तर जमातीच्या सरकारशी आधी लेखी बोलणी झाली पाहिजेत, आणि तिचा विरोध असेल तर तो का डावलला हे विधिमंडळाने सभागृहात सांगितलं पाहिजे. यात राज्याचा नकाराधिकार जात नाही. साठवण धोकादायक वाटते तर तसं म्हणा, सुनावणीत या, आयोगापुढे भांडा, संसदेत कायदा करून घ्या. युटाने हे सगळं केलंही, आणि शेवटी त्याच रस्त्याने त्याला यश आलं. जमातीला उत्पन्नाचं दुसरं साधन मिळवून देणं हा त्याहून सरळ मार्ग होता. तो महाग होता, म्हणून सुचला नसावा.

९०० आणि ९०१ यादीतून वगळा, ही मागणी केवळ प्रतीकात्मक आहे असं कुणी म्हणेल. तसं असेल तर ती पुरी करायला अडचण काय? युटाचं विधिमंडळ दरवर्षी जानेवारीत ४५ दिवसांसाठी भरतं. महामार्गांच्या यादीतली कलमं कमी-जास्त करणारी विधेयकं तिथे येतच असतात आणि बहुतेक वेळा कुणी मान वर करून पाहतही नाही. या दोन वाटा वगळल्या तर एकाही वाहनचालकाचा प्रवास लांबणार नाही, एकही पाटी उतरवावी लागणार नाही आणि अणुइंधन अडवणारं संरक्षित रान जागच्या जागी राहील. विधेयक मांडायला एक आमदार लागतो. टूविला काउंटीला ते आहेत, आणि स्कल व्हॅलीचे गोशूट त्यांचे मतदार आहेत.